बद्द वाजलेला माल

घारोबा हे त्याचं खरं नाव नव्हे. भट्टीच्या भोकातून आतला रंग बघून तो आच सांगायचा, म्हणून घारीच्या नजरेचा घारोबा. विजेच्या खांबांवर बसणारे चिनी मातीचे इन्सुलेटर आमच्या कारखान्यात व्हायचे. मी माल रचायचो, तो भाजायचा. तीस वर्षं.

भाजणी कधी थांबवायची ते शंकू सांगतात. मातीचे तीन छोटे शंकू आत भोकासमोर उभे करतात. तिसरा वाकला की आच बंद. तीस वर्षं त्या उजेडात बघून घारोबाच्या डोळ्यांवर पडदा आला. त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भट्टीवरून काढलं असतं. भोकाला डोळा लावून तो मनात तास मोजायचा. चाळिसाव्या तासाला तिसरा शंकू वाकतो, हे पाठ होतं.

त्याची बायको मला एकदा म्हणाली, "भावजी, घरात मीठ की साखर ते चाटून बघतात, आणि तिकडे म्हणे भट्टी बघतात!" मी हसण्यावारी नेलं. ती चूक माझी.

एका खेपेला साहेबांनी घाई करून माल ओलाच भरायला लावला. ओल्या मालाचं पाणी उडवण्यातच आच खर्ची पडते, भाजणी लांबते. घारोबाने नेहमीच्याच तासाला आच बंद केली.

तीन दिवसांनी भट्टी निवली, दार उघडलं. त्याने एक नग उचलून बोटाने वाजवला. पक्का भाजलेला नग खणखणतो. हा बद्द. दुसरा. तोही बद्द. मी तिसरा शंकू बाहेर काढला.

"वाकलाय?"

"ताठ आहे."

तो खाली बसला. "मला काही दिसत नाही रे. वर्ष झालं."

"गप्प बस. वरून चकाकी आहे, कोणाला कळतंय?"

"पाऊस लागला की खांबाला कळेल. पाणी आत मुरेल, वीज खांबात उतरेल."

तो साहेबांकडे गेला. मीही मागे गेलो. त्याने एक नग टेबलाच्या कडेवर फोडला, तुटक्या कडेवर शाईचा थेंब टाकला. टीपकागदासारखी शाई आत शिरली.

"माल कच्चा आहे, साहेब. चूक माझी, मला दिसत नाही. पण हा परत भाजू."

"गाडी दारात उभी आहे. आणि दिसत नाही म्हणतोस, मग कच्चा आहे ते कसं दिसलं?"

"कानाने, साहेब."

साहेबांनी त्यातलं निम्मंच ऐकलं. दुपारी भट्टीवर दुसरा माणूस आला. घारोबाला पॅकिंगमध्ये पाठवलं. "पेंढ्यात गुंडाळायला डोळे लागत नाहीत," साहेब म्हणाले.

पहिला माल त्याच्यापुढे आला तो हाच. प्रत्येक नग तो आधी वाजवायचा, मग गुंडाळायचा.

"वाजवत काय बसलास? उरक!" मुकादम ओरडला.

संध्याकाळपर्यंत चारशे नग खोक्यात गेले. त्याने एकही फुटू दिला नाही.