मगरीच्या मुलखात आक्काची अंघोळ

लातूरला रेल्वेने पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने आम्हा दोघी बहिणींना ऑस्ट्रेलियाला बोलावलं. ती डार्विनला नोकरीला होती. डार्विन म्हणजे त्या देशाचं उत्तर टोक, तिथे निम्मं वर्ष नुसता पाऊस. मी हातोहात रजा टाकली. माझी थोरली बहीण, आक्का, मात्र लोह्याजवळच्या तिच्या खेड्यातून फोनवर अट घालू लागली. "गळ्याएवढ्या पाण्यात उतरून अंघोळ करायला मिळणार आसंल तर येते. कांगारू-बिंगारू तुमचं तुम्ही बघा."

ही अट कुठून आली ते मला ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात आक्का खडी फोडायला गेली आणि मी शाळेत गेले. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांनी चढायचं नाही, असा तेव्हा रिवाज होता. आम्ही बौद्ध झालो होतो, विहीर झाली नव्हती. आक्का घागर घेऊन खाली उभी राहायची आणि कुणाच्या मनात आलं की वरून धार सोडायचे. पुढे लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्यांना माणसं कमी पडली, मला कारकुनाची नोकरी लागली आणि माझ्या घरात नळ आला. त्या नळाला पाणी कधी येतं ते विचारू नका. आक्का मात्र तांब्यानेच अंघोळ करत राहिली. कुणाला न विचारता पाण्यात उतरायचं, एवढंच तिला एकदा करून पाहायचं होतं.

मुलीने टपावर तंबू बांधलेली गाडी आणली आणि म्हणाली, आपण आता कॅम्पिंग करत फिरायचं. मला वाटलं होतं मध्ये मध्ये हॉटेल असेल. पहिल्याच मुक्कामाला लाल फुफाट्यात गाडी उभी राहिली. आक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिली. डब्यातलं पाणी, पत्र्याच्या ताटल्या, जमिनीवरची अंथरुणं, पेटवायला काटक्या गोळा करणारी माणसं.

"हे तर बहात्तरचं काम हाय," ती म्हणाली. "फकस्त खडी तेवढी न्हाई."

"मावशी, इथे लोक हौसेने येतात."

"हौसेनं?" शेजारच्या तंबूतल्या गोऱ्या नवराबायकोकडे तिने एवढ्या कणवेने पाहिलं की मलाच लाजल्यासारखं झालं. थोड्या वेळाने ती त्यांना दोन गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देऊन आली. त्यांनी ठसक्यासकट खाल्ली. "लई भुकेजले व्हते बिचारे," आक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नदी आली. काठोकाठ भरलेली, हिरवीगार झाडं, कुत्रं नाही की मांजर नाही. आक्काने पदर खोचला आणि तरातरा निघाली. मुलगी मागून ओरडत पळाली. काठावर पिवळी पाटी होती.

"काय लिवलंय?" आक्काने मला विचारलं.

"पाण्यात उतरू नका."

आक्का जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा असा काही उतरला की मला पाटी वाचल्याचा पश्चात्ताप झाला. "इथं बी?" ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "आपल्यालाच, का समद्यांला?"

"समद्यांना. पाण्यात मगर आहे."

"गोऱ्यांला बी?"

"गोऱ्यांना आधी. तेच जास्त उतरतात."

आक्काचा चेहरा हळूहळू फुलला. तेवढ्यात पलीकडे एक लांबलचक मगर चिखलात पडलेली दिसली. आक्काने तिला मनापासून हात जोडले. "बाई इन्साफाची हाय," म्हणाली. "कुणाची जात इचारत न्हाई." तिथून पुढे पाटी दिसली की आक्का गाडी थांबवायला लावायची, समोरून नवऱ्याला, पोरांना घेऊन येणाऱ्या गोऱ्या बायांना हाताने "मनाई हाय, मनाई" असं सांगायची, आणि त्या मागे फिरल्या की समाधानाने गाडीत येऊन बसायची. एवढा आनंद तिला कांगारूने दिला नाही.

पण अंघोळीचं काय? नद्यांत मगरी. समुद्रावर गेलो तर तिथे विषारी जेलीफिश. एका धबधब्याचा मुलीने फार गाजावाजा केला होता, तिथे जाणारा रस्ताच बंद. का, तर पाणी जास्त झालंय म्हणून. आता माझं डोकं फिरलं. घरी लोक रेल्वेच्या पाण्यासाठी घागरींची रांग लावून बसले आहेत आणि इथे पाणी जास्त झालं म्हणून आम्ही बिनअंघोळीच्या! मी गाडीतून उतरून त्या पाटीला मराठीत यथेच्छ शिव्या दिल्या. आक्का खिडकीतून म्हणाली, "जाऊ दे गं. नशिबात तांब्याच हाय." ती हसत होती, पण मला रडू आलं. माझी रजा संपत आली होती.

शेवटच्या मुक्कामाला ताडासारख्या झाडांमध्ये कोमट पाण्याचा झरा निघाला. तळ दिसेल एवढं नितळ पाणी. माणसं त्यात मान बाहेर काढून निवांत बसलेली. आक्काने पाटी मला अथपासून इतिपर्यंत वाचायला लावली. मनाई नव्हती. तरी ती काठावर घुटमळली. "कुणाला इचारायचं?"

"कुणालाच नाही. उतर."

ती नऊवारीसकट उतरली. लुगड्यात हवा भरली आणि आक्का मध्यभागी तंबूसारखी फुगली. मी पोट धरून हसत होते. एवढ्यात पाण्यातलं एक गोरं कुटुंब, आजीपासून नातवापर्यंत, भराभर बाहेर पडलं, टॉवेल उचलले आणि निघालं.

आक्का त्याच क्षणी बाहेर आली. झाडामागे जाऊन लुगडं पिळू लागली.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. कचेरीतलं सगळं इंग्रजी गोळा करून मी त्या कुटुंबाच्या मागे धावले आणि "तुम्ही का निघालात? लेखी कारण द्या," असं दरडावून विचारलं. बाप्या गोंधळला. शेगडीकडे बोट दाखवून म्हणाला, सॉसेज करपत आहेत. खरंच करपत होते. त्याने घाबरून मला पावात घालून एक दिलासुद्धा.

मी तो पाव आक्काला पुरावा म्हणून नेऊन दाखवला. तिने वास घेतला. "तसंच सांगत आसत्यात," ती म्हणाली. "आपल्या गावात बी आपण जवळ बसलो की म्हशीला पाणी दावायचं राहिलं म्हणायचे आन् उठायचे."

सॉसेज खरे होते आणि म्हशीही खऱ्या होत्या. आक्काने दुसरं लुगडं नेसलं आणि आम्ही दोघी ओल्या लुगड्याशेजारी बसून राहिलो. खाणं उरकून ते कुटुंब परत आलं आणि धपाधप पाण्यात पडलं. आक्का बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग उठली, चालत गेली आणि पायरीपायरीने गळ्यापर्यंत उतरली. कुणी हललं नाही. तिने डोळे मिटले.

मी काठावरून विचारलं, "आता पटलं ना?"

"न्हाई," ती डोळे न उघडता म्हणाली. "पर आता ज्याला निघायचंय त्यो निघू दे. मी न्हाई निघत."