तोंडातली पिल्लं

गल्लीत त्यांना सगळे टाकीवाले म्हणत. विकायचे रंगीत मासे घरातच वाढवायचे, त्यामुळे पुढच्या खोलीत भिंतभर काचेच्या टाक्या आणि माणसाला टेकायला जागा नाही. बायको होती तोवर म्हणायची, "पुढच्या जन्मी मासाच होऊन येते, म्हणजे माझ्याकडे बघाल तरी!"

पिवळ्या माशांची आता एकच मादी उरली होती. नर मेला होता आणि त्याची शेवटची पिल्लं तिच्या तोंडात होती. ही जातच तशी. आई अंडी तोंडात घेते आणि पिल्लं हिंडतीफिरती होईपर्यंत अन्नाला शिवत नाही. पुढे त्यांना जरा बाहेर सोडते, पण सावली पडली रे पडली की सगळी भर्रकन पुन्हा आईच्या तोंडात.

लेक माहेरी आली होती ती पोटातलं मूल गमावून. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायची. टाकीवाल्यांचा जीव तीळतीळ तुटत होता, पण बापाने बोलायचं तरी काय? एका सकाळी त्यांनी तिला हाताला धरून टाकीपुढे बसवलं आणि बाहेर पोहणाऱ्या पिल्लांवर सावली पडेल असा काचेवरून तळहात फिरवला. पिल्लं गायब! मादीचा गळा टम्म फुगला. लेक चक्क हसली.

"बाबा, परत!"

वारंवार भेदरलेली आई पिल्लं गिळून टाकते, हे टाकीवाल्यांना पाठ होतं. गिऱ्हाइकाने काचेला नुसतं बोट लावलं तरी ते खेकसायचे. पण लेकीचं हसू बघून हा शहाणा माणूस पुरता वेडा झाला. दुपारपर्यंत हात फिरतच होता.

"मोठी झाली की मीच सांभाळणार हं यांना," लेक म्हणाली आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी पिल्लं दिसेनात. घाबरली असतील, येतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण मादीचा गळा सपाट होता. शेवटी मन घट्ट करून त्यांनी चिमूटभर खाणं टाकलं. तोंडात पिल्लं असलेली आई खाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. ही तरातरा वर आली आणि सगळं मटकावलं.

"बाबा, आली का बाहेर?" आतून लेकीने विचारलं.

"अजून तोंडातच आहेत गं."

"थांबा, मी येते. आज मी हात फिरवणार!"

मादी काचेशी येऊन, तोंड उघडून आणखी खाणं मागत होती.