वजन धरलंय

माझा दादा शटर दुरुस्त करायचा. दोन माणसांना न हललेलं शटर तो एका दंडाने वर ढकलायचा आणि दुकानदाराला विचारायचा, "काय शेठ, जेवून नाही आलात?"

त्याची मूत्रपिंडं बिघडू लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, डाळी, अंडी, मासे बेतानेच खा. वहिनीने खूणगाठच बांधली. दादाने एकदा चोरून अंडं खाल्लं तर तिने घर डोक्यावर घेतलं.

पुढे डायलिसिस सुरू झालं, पण पथ्य तेच राहिलं. तिथे दर खेपेला वजन करायचे, आकडा जवळपास तोच. वहिनी घरी येऊन आनंदाने सांगायची, "वजन धरलंय हो वन्सं! पथ्याचा गुण."

माझा जीव तुटायचा. बाहीत दंड कुठे होता? नुसतं हाड. मी बोलले तर म्हणायची, "काट्यापेक्षा तुमचे डोळे खरे का?" काटा पडला यंत्र, मी पडले नणंद. माझं कोण ऐकणार?

एक दिवस दादाला खुर्चीतून उठताच येईना. तेव्हा कुठे डायलिसिसवाल्यांनी आहारतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी त्याचा दंड चिमटीत धरून पाहिला.

"अहो, हे वजन पाण्याचं आहे. मांस झिजलं, त्याच्या जागी पाणी साठलं. ते पथ्य डायलिसिसच्या आधीचं होतं. आता उलट प्रथिनं जास्त लागतात, यंत्रातून थोडी वाहून जातात ना. रोज अंड्यातलं पांढरं द्या."

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही," वहिनी म्हणाली. बाई कागदावर नवा आहार लिहू लागल्या.

घरी येऊन तिने अंडी उकडली. दादाने तुकडा तोंडात घेतला आणि नुसता चघळत राहिला. "सगळं लोखंडासारखं लागतंय गं. उद्या खाईन." दुसऱ्या दिवशीही तेच.

स्वयंपाकघरात वहिनीने माझा हात धरला. "मी यांना उपाशी ठेवलं का हो, वन्सं?"

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. पण तेव्हा रागवायला समोर कुणी गुन्हेगारच नव्हता.

दादाने ऐकलं असावं. "आण ती बशी," तो आतून म्हणाला. तिच्याकडे बघत त्याने एक तुकडा गिळला. तिचा चेहरा उजळला, तिने लगेच दुसरा पुढे केला. त्याने तोही घेतला.

थोड्या वेळात सगळं ओकला. वहिनीने त्याचं तोंड पुसलं, फरशी पुसली आणि गॅसवर पुन्हा अंडी उकडत ठेवली.