शुक्रवारचा पेला

त्या उन्हाळ्यात मी मुंबईहून पोफळीला परत आले ती निम्मी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होऊनच. बारा वर्षांची होते. वीजघराच्या वसाहतीत बेने इस्राएलांचं घर एकच, आमचं, आणि सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, गाठायचं तर एस.टी.त अख्खा दिवस मोडायचा. म्हणून आईबाबांनी मला सुट्टीत समाजाच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवलं होतं. तिथे मी हिब्रू अक्षरं शिकले. आमच्यातले कडक नियम पाळणारे कोण, बायका-पुरुषांना शेजारी बसू देणारे सुधारक कोण, तेही कळलं, आणि खरे कोण यावर जेवताना भांडलेसुद्धा. मी अर्थात कडकांच्या बाजूची. त्या वयात सौम्य असण्यात काय मजा?

घरी आल्या आल्या मी फर्मान काढलं. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत दिव्याच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही, कारण शब्बाथला, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवणं वर्ज्य, आणि विजेचा दिवाही त्यातच आला. बटणांवर चिकटपट्ट्याही लावल्या. बाबा वीजघरात ऑपरेटर. ज्या माणसाच्या हातून कुठकुठली गावं उजळायची, त्याला मी स्वतःच्या घरात अंधारात ठेचकाळायला लावलं. ते हसले. "सूर्य मावळायच्या आधी लावलेला तेलाचा दिवा आहे की," म्हणाले. आमचे पूर्वज तेली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, बैलही मोकळा असायचा. बाबा हे मोठ्या अभिमानाने सांगत.

आणि तेच बाबा त्या शनिवारी सकाळी डबा घेऊन कामावर निघाले. शनिवारी ते घरी असायचे, इतकी वर्षं मी तेच पाहिलं होतं.

"आई, आज शनिवार!"

"हो. काम आहे त्यांना," आई म्हणाली आणि आत गेली.

मी चिडले. मी धर्म शिकायला काय गेले, यांनी तेवढ्यात शनिवारच सोडला!

पुढच्या शुक्रवारी किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीची प्रार्थना, नेहमीसारखी बाबांनी पेला हातात धरून म्हटली. आमच्याकडे त्याला द्राक्षारस नसतो, काळ्या मनुका भिजवून कुस्करून केलेलं सरबत असतं. बाबांनी घोट घेतला, आईला दिला आणि पेला माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला.

"शनिवार मोडणाऱ्याच्या हातचं पिऊ नये."

असं काहीतरी वर्गात कोणी म्हणालं होतं. ऐकलं होतं अर्धवट, म्हटलं मात्र ठणकावून. आईने माझ्यावर हात उगारला. बाबांनी तिला अडवलं, पेला खाली ठेवला आणि त्यावर रुमाल टाकला.

"पुढच्या खेपेपासून तू म्हण," ते म्हणाले. "तुझे उच्चार शुद्ध आहेत."

बाबांना हिब्रू वाचता येत नसे. त्यांच्या वडिलांनी मराठी अक्षरांत उतरवून ठेवलेल्या वहीवरून ते म्हणत. ती वही त्या दिवशी कपाटात गेली. पुढचे दोन शुक्रवार मी घसा ताणून किद्दुश म्हटली. बाबा मान खाली घालून ऐकायचे आणि पेल्याला हात न लावता जेवायला बसायचे. मला जिंकल्यासारखं वाटायचं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या शुक्रवारी बाबा घरी नव्हते. दुपारी दोनला गेलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत सलग दोन पाळ्या होत्या. दिवेलागणीच्या आधी शेजारच्या काकू फणसाचे गरे घेऊन आल्या. त्यांचे यजमानही वीजघरात ऑपरेटर होते.

"आमचे ह्ये आज पण देवरुखास गेले गो. मामंजी अंथरुणास खिळलेत. तुज्या बाबांनी शनवार सोडलानी, ह्यांची पाळी घेतलानी म्हणून जायला तरी मिळतंय."

"पण शनिवारी बाबांना सुट्टीच असते ना?"

"सुट्टी कसली! अदलाबदल ती. दिवाळीत, गणपतीत, शिमग्यात आमची मानसं घरात, नि तुजे बाबा त्यांच्या पाळीवर. त्याच्या बदल्यात तुमचा शनवार मोकळा. तुला ठाव नाय?"

मला ठाऊक नव्हतं. दिवाळीत बाबा घरी नसतात, कारण दिवाळी आपली नाही, एवढंच मी धरून चालले होते.

त्या गेल्यावर मी आईला विचारलं, मला का नाही सांगितलं?

"ते नको म्हणाले. देवरुखच्या त्या आजारी म्हाताऱ्यामुळे आपला शनिवार गेला, असं तुझ्या मनात यायला नको म्हणाले."

मी खूप रडले. मग पेल्यात सरबत ओतलं, झाकून ठेवलं आणि न जेवता झोपले.

सकाळी बाबा आले. डोळे लाल झालेले, अंगाला ग्रीसचा वास. मी त्यांची वही कपाटातून काढून टेबलावर ठेवली होती.

"रात्री राहिलं तर शनिवारी दिवसा म्हणता येतं," मी म्हणाले. "वर्गात शिकवलंय."

"तू जेवलीस?"

"त्याआधी खाता येत नाही."

त्यांनी आईकडे पाहिलं. हात धुतले, टोपी घातली आणि वही उघडली. निम्मे उच्चार चुकीचे होते, चाल मात्र लहानपणापासून ऐकलेली तीच. मी मधे बोलले नाही. म्हणून झाल्यावर त्यांनी एक छोटा ग्लास पुढे ओढला आणि पेल्याला ओठ लावण्याआधी त्यात थोडं सरबत ओतून माझ्यापुढे सरकवलं. माझा वाटा त्यांनी उष्टा होऊ दिला नव्हता.

मग स्वतः घोट घेतला. "आंबलंय गं," म्हणाले.

मी तो ग्लास तसाच ठेवला, त्यांच्या हातातला पेला घेतला आणि तळापर्यंत प्यायले.