शून्यसुद्धा कळवावं लागतं

पाऊस सुरू झाला की मामा कचेरीच्या व्हरांड्यातून तळहात बाहेर काढत, थोडा वेळ भिजू देत, मग हात पँटला पुसत आणि म्हणत, "सकाळी आठला कळंल."

पुढं पुढं ते कशालाही हेच उत्तर देऊ लागले. साहेबांची बदली होणार का? सकाळी आठला कळंल. उमरग्याची शेवटची गाडी गेली का? सकाळी आठला कळंल. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याच्याकडून उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असूनही आपण त्यालाच विचारतो.

लोहाऱ्यात ते शिपाई होते, मी कारकून. शिपायाचं काम ते इतरांइतकंच करत, म्हणजे बेताचं. त्यांचा जीव होता कचेरीमागच्या पर्जन्यमापकात. पावसाळ्यात रोज सकाळी आठला नरसाळं काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेला लावायचा आणि आकडा जिल्ह्याला कळवायचा. भोवतालचं गवत ते स्वतः उपटत. कचेरीच्या वहीखेरीज स्वतःच्या एका छोट्या वहीतही आकडा उतरवून ठेवत.

"पाऊसच नाही तर रोज काय मोजता, मामा?" मी एकदा विचारलं.

"शून्यबी कळवावं लागतं, बाई. न्हाय कळवलं तर वरच्यांना वाटतं, इथं माणूसच न्हाय."

मामांची बायको लवकर गेलेली. एकच मुलगी. जावई आमच्याच भागातला, पण मास्तरकीची नोकरी लागली कोकणात, समुद्राकाठच्या एका लहान गावात. मुलगी दर पावसाळ्यात फोन करायची, "नाना, इकडचा पाऊस बघायला या की." मामा म्हणायचे, "पावसाळ्यात कसं येऊ, बाळा?"

मग तिला दिवस गेले. माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण तिकडंच झालं, ऐन श्रावणात. मुलगा झाला, पण अशक्त होता. "नाना, या," एवढंच ती म्हणाली. साहेब जा म्हणाले. मीही म्हणाले, "माझी क्वार्टर शेजारीच आहे. सकाळचं मी बघते."

"तुमचा डोळा रेषेला लागत न्हाय, बाई. तुमी उभ्यानं बघता." मग आभाळाकडं बघत म्हणाले, "लई दिवस दडी मारलीय. आज-उद्या येईल. बारशाला जातो."

मी पुन्हा म्हटलं नाही. मलाही माझी कामं होती. बाळ नवव्या दिवशी गेलं.

मग मामा कोकणात जाऊन चार दिवस राहून आले. त्यानंतर मुलीचा फोन येईना. मामा करायचे तेव्हा ती "बरं आहे" म्हणून जावयाकडं फोन द्यायची. मामा गवत आधीपेक्षा जास्त उपटायला लागले.

ते निवृत्त झाले त्या वर्षी श्रावणात मी आणि माझे मिस्टर कोकणात निघालो होतो. त्यांच्या मुलीच्याच गावी जाणार, हे ऐकल्यावर मामा दारात येऊन उभे राहिले. "बाई, गाडीत एक जागा हाय का?" इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

घाट उतरताना पाऊस लागला तो थांबलाच नाही. मामांनी खिडकीतून तळहात बाहेर काढला. मग ओला हात पँटला पुसला.

मुलीनं त्यांना "बसा" म्हटलं, चहा दिला आणि सगळं बोलणं माझ्याशी केलं. आम्ही दोघं लॉजवर, मामा तिच्या घरी. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत, पण नदीत आत फेरी मारून आणतात. दुसऱ्या दिवशी जावयानं ती फेरी ठरवली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "घरात एकमेकांना चुकवतात दोघं. होडीत कुठं जातील?"

पत्र्याचं छत, दोन्ही बाजूंना ताडपत्री, आम्ही पाच जण आणि होडीवाला. निघाल्या निघाल्या मामांनी पिशवीतून स्टीलचा पेला काढला आणि पुढच्या उघड्या फळीवर, पावसात ठेवला.

"काका, तो आत्ता भरून वाहील," होडीवाला हसला.

मामा पाण्याकडं बघत होते. "नदी उलटी चाललीय ही."

"भरती आहे. समुद्राचं पाणी आत येतंय. थोड्या वेळानं परत फिरेल."

"फिरतं व्हय परत?" मामा म्हणाले. मुलगी ताडपत्रीच्या फटीतून बाहेर बघत राहिली.

मग त्यांनी ती छोटी वही काढली, एक पान उघडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मी शेजारीच होते, मला दिसलं. नऊ ओळी. तारखा वेगळ्या, पुढं आकडा एकच. ०.०.

मामा काहीतरी पुटपुटले. पत्र्यावर पावसाचा एवढा मारा होता की तिला ऐकू आलं नाही. "काय?" असं तिनं विचारलं. तेव्हा मामांना ओरडून सांगावं लागलं. "नऊबी दिवस शून्यच होतं, पोरी. तुझं लेकरू इथं, आन् म्या तिकडं शून्य मोजत बसलो."

सगळ्यांनी ऐकलं. होडीवाल्यानं तोंड फिरवलं.

तिनं पान बराच वेळ बघितलं. वही मिटली आणि भिजू नये म्हणून पदराखाली धरली. मग वाकून काठोकाठ भरलेला पेला उचलला, नदीत ओतला आणि परत त्याच जागी ठेवला. माप घेऊन झालं की असंच करायचं असतं. तिला ते माहीत होतं म्हणून ओतलं, की रागानं ओतलं, मला कळलं नाही. मामांनाही कळलं नसावं.

निघताना ती "नीट जावा" म्हणाली, ते आम्हा तिघांनाही लागू होतं. वही तिनं परत दिली नाही.

गाडीत मामांनी विचारलं. "बाई, काय वाटतं? बोलंल का ती?"

"सकाळी आठला कळेल," मी म्हणाले. ते हसले. तेव्हा याहून बरं काही सुचायला हवं होतं, हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

माघात मामा दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मुलगी आली, तेराव्यापर्यंतचं सगळं कोरड्या डोळ्यांनी केलं आणि गेली. संपलं, असं मी धरून चालले.

यंदा श्रावणात एका सकाळी तिचा फोन आला. आठ वाजले होते.

"काकू, तिकडं किती झाला?"

आता यंत्र बसलंय, आकडे आपोआप वर जातात. मोबाईलवर बघून सांगता आलं असतं. पण मी "थांब" म्हणाले आणि क्वार्टरमधून तशीच कचेरीच्या मागं गेले. जुना पर्जन्यमापक गवतात बुडाला होता. नरसाळं काढलं. बाटली कोरडी. तरी ती, आतच ठेवलेल्या काचेच्या मापात उपडी केली, चिखलात गुडघा टेकायचा तर चिखलही नव्हता, धुळीत टेकला, आणि डोळा रेषेला लावला.

"शून्य," मी म्हणाले.

फोनमधून तिच्या कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"थांबा," ती म्हणाली, "लिहून घेते."