आईचा गुर्दा आणि माझं रक्त

सत्तरच्या दशकात आईने मला तिचा एक गुर्दा दिला. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि काही महिन्यांनी मी रिसोडच्या शाळेत पुन्हा विज्ञान शिकवायला लागलो. जेवण जात होतं, अंगात ताकद आली होती. तरीही डॉक्टरांनी रक्त तपासायला मुंबईला बोलावलं. आईलाही तपासायचं म्हणून सोबत आणायला सांगितलं.

"काविळीचे विषाणू शिरलेत का ते बघू," डॉक्टर म्हणाले. "नवा गुर्दा शरीराने नाकारू नये म्हणून तुम्ही गोळ्या घेता. त्यांच्यामुळे प्रतिकारशक्ती कमी होते. मग आजार आत असला तरी वरून दिसत नाही."

मी मान हलवली, पण धड उमगलं नाही. मला तर बरं वाटत होतं.

आईने त्यातलं 'विष' तेवढं ऐकलं होतं. बाहेर बाकावर बसल्यावर तिने मला विचारलं, "माह्या गुर्द्यात जहर होतं काय रे? तेच देल्लं काय मी तुले?"

"नाही माय, तसं नाही."

तपासणीचा निकाल येईपर्यंत आम्ही धर्मशाळेत थांबलो. दोघांचंही रक्त स्वच्छ निघालं. आई हसली. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "उन्हाळ्यात पुन्हा तपासू."

"काहीच नाही म्हन्ता, मंग पुन्हा कायले बोलावता?"

"आज नाही, एवढंच मला सांगता येतं. पुढे कधीही शिरू शकतात."

जिना उतरताना आईने मला विचारलं, "मंग गावात पेढे वाटू का नको?"