पंगतीसाठी लांबवलेली प्रार्थना

माझी बायको गेल्यापासून भेटायला येणारे तिच्या सात्त्विकपणाबद्दलच बोलतात. मी मान हलवतो. तिच्या वात्रटपणाचं कोणी नाव काढत नाही, म्हणून तेवढं लिहून ठेवतो.

महायुद्धाच्या वर्षांत मी शेवगावकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होतो. ही मुलींना शिकवी. एका हिवाळ्यात चर्चमध्ये उज्जीवनाच्या, म्हणजे थंडावलेली श्रद्धा पुन्हा जागवायच्या, सभा भरल्या. माणसं उभी राहून रडली, पापं कबूल केली, तंबाखूच्या चंच्या वेदीपुढे आणून टाकल्या. कित्येक घरांतली दारू सुटली. जात मात्र कोणी आणून टाकली नाही. अशा सभांच्या शेवटच्या दिवशी उपास सोडायला प्रीतिभोजन असे. त्यात महारवाड्यातून आलेले ख्रिस्ती एकीकडे आणि मांगवाड्यातून आलेले दुसरीकडे बसून आपापल्या फडक्यातली भाकरी खात.

शाळेत एका बाकावर बसणाऱ्या आपल्या मुली इथे वेगळ्या बसतात, हे हिला सोसत नसे. पाळकांनी उपदेश करून पाहिला होता. सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि पंगती दोनच मांडल्या.

त्या हिवाळ्यात जेवणाआधीची प्रार्थना माझ्याकडे होती.

"अहो, आज जरा लांबवा," ती म्हणाली.

"किती?"

"मी खोकेपर्यंत."

माझ्या प्रार्थना आखूड म्हणून लोकप्रिय होत्या. त्या दिवशी मी पावसासाठी, बैलांसाठी, आजाऱ्यांसाठी, लढाईवर गेलेल्यांसाठी प्रार्थना केली. विषय संपले तेव्हा शाळा तपासणीसांसाठीही केली. उपाशी मंडळी सुस्कारे टाकत होती, पण प्रार्थनेत डोळे उघडायची कोणाची छाती नव्हती. मागे दाराशी, गाठोडी ठेवली होती तिथे, सळसळ चालली होती. अखेर खोकला आला.

डोळे उघडून पाहतो तर एका मोठ्या पाटीत दोन्ही वाड्यांच्या बाजरीच्या भाकऱ्या एकत्र, आणि शेजारी रिकाम्या फडक्यांच्या नीट घड्या. दोन घरं न जेवताच निघून गेली. मंडळीचे म्हातारे पंच मात्र काठी टेकत आले आणि भाकऱ्या उलटून पालटून बघू लागले. आपली कोणती ते कळेना. त्यांनी आपल्या बायकोला हाक मारली.

म्हातारीनं पाटीवर नजर टाकली. "समद्या माझ्याच हायत. बसा गप खायाला."

ते बसले. मग बाकीचेही पाटीभोवती बसले. तिसरी भाकरी मोडताना पंच माझ्या कानाशी वाकले.

"मास्तर, ही काय तिच्या हातची न्हाई," ते हळूच म्हणाले. "लई मऊ हाय."